पाकीट बंद करून बोलायच्या गोष्टी

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं आवरून)

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'मित्रांमधले धर्मभेद आणि खासगी पत्रव्यवहार' असा छापलाय. समोर पोस्टातून निवृत्त झालेली बरीच मंडळी दिसतायत, म्हणजे निम्मा विषय त्यांना माझ्याआधीच ठाऊक आहे. (हशा)

माझं म्हणणं एवढंच, की मित्राशी धर्मावर बोलावं, अगदी टोचेल असंही बोलावं, पण तिसरा माणूस नसताना. तिसरा आला की आखाडा होतो. आपला जिल्हाच कुस्तीचा. बघणाऱ्याला कुणाची तरी पाठ टेकलेली बघायची असते, जोड बरोबरीत सुटली तर तो पैसे परत मागतो.

आता कुणी म्हणेल, नाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघं चारचौघांतच एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी गळ्यात पडतात. खरंय. पण त्या भारुडात दोन्ही बाजू नाथांनीच लिहिल्यात. आपल्याला एकच बाजू लिहिता येते. दुसरीसाठी पोस्टमनची वाट बघत बसावं लागतं आणि त्या वाट बघण्यातच पुष्कळसं काम होऊन जातं.

माझा एक वर्गमित्र आहे, त्याला आम्ही अण्णा म्हणतो. दिगंबर जैन, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, कांदा-लसूण नाही, मध नाही. मी मराठा, गावच्या जत्रेत पहिल्या पंगतीला. समोरासमोर बसलो की आम्ही पाऊसपाणी, बेदाण्याचा भाव आणि गुडघे एवढंच बोलतो. धर्म सगळा पाकिटातून. पोस्टकार्ड नाही हं! पोस्टकार्ड म्हणजे गावच्या पारावर लावलेली नोटीस.

एका ऑक्टोबर छाटणीला मी त्याच्या बागेत होतो. वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुगायला लागले की उडद्या येतो, छोटा भुंगेरा, कोवळा डोळाच पोखरतो. अण्णाचे गडी सकाळी वेली हलवून उडद्या खाली पाडत होते आणि रॉकेलच्या पाण्यात टाकत होते. मागनं ट्रॅक्टरवरचा ब्लोअर औषध मारत होता. मी तिथं काही बोललो नाही. घरी येऊन लिहिलं, "अण्णा, तू बटाट्यातल्या जिवाला जपतोस. मग उडद्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

सहा-सात आठवडे उत्तर नाही. मग चार पानं आली. गृहस्थाची हिंसा चार तऱ्हेची, असं त्यानं लिहिलं होतं. घरकामात होते ती आरंभी, धंद्यात होते ती उद्योगी, अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी, आणि मारायचं ठरवूनच मारतो ती संकल्पी. शेवटची पूर्ण सोडायची, बाकीच्या होतील तेवढ्या कमी करायच्या. "माझी फवारणी उद्योगीत बसते असं मी धरून चाललोय. रात्री झोपताना मात्र तेवढं ठामपणे सांगवत नाही. आणि तुमचा जत्रेतला बोकड कशात बसतो, ते तूच बघ." आता हे वाक्य त्यानं पारावर म्हटलं असतं का? आणि म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं का?

हे पत्र माझ्या टेबलावर पडलं होतं. आमच्याच वर्गातला एक गृहस्थ आला, नाव घेत नाही, कदाचित इथं बसलाही असेल. (हशा) मी चहा सांगायला आत गेलो, तेवढ्यात ह्यानं पत्र खिशात घातलं आणि स्नेहमेळाव्यात माईकवरून वाचलं! "रात्री झोपताना" तेवढं आवाज काढून. लोक हसले. अण्णा तिसऱ्या ओळीत बसला होता. दोघं मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरा सापडला की रे!" जेवणात कुणीतरी त्याच्या ताटाशी येऊन विचारून गेलं, "भाजीत उडद्या नाही ना?" चार पानांतलं एकच वाक्य गावभर झालं, बोकडाचं मात्र कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. हे कसं? मला अजून राग आहे आणि तो मी पुढच्या मेळाव्यातही काढणार आहे.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं, एकमेकांची क्षमा मागायचा क्षमावाणीचा दिवस आला. अण्णाचं पत्र, "वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी." माफी मागायची कुणी आणि मागतोय कोण! त्या वाचणाऱ्यालाही असंच पत्र गेलं होतं. त्यानं ते कुठं वाचून दाखवलं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा तर आता येतोय. (हशा)

दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती आणि मुसलमान मित्र गांधींना आपापल्या धर्माकडे ओढत होते. 1894 साली त्यांनी मुंबईला रायचंदभाईंना 27 प्रश्न लिहून पाठवले. आत्मा काय, ईश्वर कोण, बायबल ईश्वरप्रेरित म्हणावं का. रायचंदभाई जैन, जवाहिऱ्याचा धंदा, गांधींहून दोनच वर्षांनी मोठे. शेवटचा प्रश्न असा, की साप चावायला आला तर चावू द्यावं की मारावं? रायचंदभाईंच्या उत्तराचा भाव असा, की चावू दे असं तुम्हाला सांगायला मन कचरतं, पण देह नाशवंत आहे हे ज्याला उमगलं त्यानं त्या देहासाठी दुसरा जीव मारणं योग्य कसं ठरेल? हे 'कचरतं' मला फार मोलाचं वाटतं. सभेत कुणी कचरत नाही.

पंडिता रमाबाईंचं धावत सांगतो. 1883 साली इंग्लंडात वांटेजला बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही आणि चर्च सांगेल ते सगळं मानेन असंही कबूल केलं नाही. तिथल्याच मठातल्या, त्यांना धर्म शिकवणाऱ्या सिस्टर जेराल्डिनना त्यात जातीचा ताठा दिसला. दोघींनी पत्रांतून एकमेकींना चांगलंच सुनावलंय, तरी पत्रं थांबवली नाहीत. ती 1977 मध्ये ग्रंथरूपानं आली.

तेव्हा लिहायचं असेल तर मित्राच्या धर्माविषयी नको, मित्र जे करतो त्याविषयी विचारा. ग्रंथातलं वचन फेकून मारू नका. आणि टेबल आवरून ठेवा. अध्यक्ष उठलेच, थांबतो. बोकडाचं उत्तर अजून गेलेलं नाही. दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा त्यात देवीवर ढकललं होतं, म्हणून फाडलं.