शून्य विजय, सोळा पराभव: डेट्रॉईट लायन्सचं २००८

(पडद्यावर: मिनीॲपोलिसचं छपराखालचं मैदान. १२ ऑक्टोबर २००८.)

डॅन ऑर्लोव्स्की पंचवीस वर्षांचा आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉईट लायन्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, म्हणून सामना सुरू करण्याची ही त्याची पहिलीच वेळ. चेंडू लायन्सच्या स्वतःच्याच गोलरेषेपासून जेमतेम यार्डभर अंतरावर. तो चेंडू घेतो, मागे सरकतो आणि उजवीकडे पळत सुटतो. पाठीवर मिनेसोटाचा जॅरेड ॲलन आहे, त्या काळात क्वार्टरबॅक मंडळी ज्याला खरोखर घाबरायची असा बचावपटू. ऑर्लोव्स्कीची नजर पुढे, पास कुणाला देता येईल हे शोधणारी. पायाखाली बघायला सवड नाही. एन्ड झोनच्या, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्याच्या, मागची पांढरी रेघ त्याने ओलांडलीये. शिट्टी वाजली, तरी तो पळतोच आहे.

याला सेफ्टी म्हणतात. चेंडू हातात घेऊन आपल्याच टोकाच्या बाहेर गेलं, की समोरच्या संघाला २ गुण. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते मिनेसोटा १२, डेट्रॉईट १०.

अंतर दोनच गुणांचं.

त्या मोसमात लायन्सने १६ सामने खेळले आणि सोळाही गमावले. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, १६ सामन्यांचा मोसम सुरू झाला १९७८ साली. तेव्हापासून अशी वेळ कुणावरही आली नव्हती. आणि आज त्या वर्षाचं नाव निघालं, की टीव्हीवर दाखवलं जातं ते हेच पाऊल.

मला हे अन्यायाचं वाटतं. पाऊल चुकलं, हे खरंच. पण ही पडझड त्या दुपारच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि ती मैदानावर नव्हे, कचेरीत.

(पडद्यावर: फोर्ड फील्ड, डेट्रॉईट.)

लायन्सचे मालक होते विल्यम क्ले फोर्ड, हेन्री फोर्ड यांचे नातू. २००१ साली त्यांनी संघाचा सगळा कारभार मॅट मिलन यांच्या हाती सोपवला. मिलन स्वतः नावाजलेले खेळाडू, चार सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकलेले. निवृत्तीनंतर टीव्हीवर उत्तम समालोचन करायचे. मात्र संघ बांधण्याचा अनुभव शून्य.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. एनएफएलमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. उलट, कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये निवडीचा पहिला मान सहसा त्यालाच मिळतो. म्हणजे हरणाऱ्याला सावरायची सोय नियमातच केलेली आहे. लायन्सला ही संधी वर्षामागून वर्ष मिळत राहिली. २००३, २००४, २००५ आणि मग पुन्हा २००७: पाच वर्षांत चार वेळा त्यांनी पहिल्या फेरीची निवड वाइड रिसिव्हरवर, म्हणजे पळत जाऊन पास झेलणाऱ्या खेळाडूवर खर्च केली. पास झेलणारे जमत गेले. पण पास फेकणाऱ्याला सांभाळणारी फळी कच्चीच राहिली, आणि प्रतिस्पर्ध्याला अडवणारीही.

त्या चौघांतला शेवटचा कॅल्विन जॉन्सन. या निवडीबद्दल कुणी तक्रार करू नये. २००८ च्या त्या भीषण वर्षातही त्याने १,३३१ यार्ड कमावले, १२ टचडाउन केले, म्हणजे बारा वेळा चेंडू समोरच्याच्या एन्ड झोनमध्ये पोचवला. दोन-दोन बचावपटू अंगावर असताना उंच उडी मारून चेंडू खाली आणणारा हा गडी दर आठवड्याला हरून घरी जात होता.

मोसमाआधीचे चारही सराव सामने लायन्सने जिंकले होते. मग सप्टेंबर उजाडला. पहिल्या सामन्यात अटलांटाच्या नवख्या मॅट रायनने एनएफएलमधला आपला पहिलाच पास फेकला आणि तो थेट ६२ यार्डांचा टचडाउन ठरला. तिथून उतरण लागली. तीन पराभवांनंतर मालकांचे चिरंजीव बिल फोर्ड पत्रकारांसमोर बोलून गेले, की माझ्या हातात असतं तर मी मिलन यांना काढलं असतं. दोन दिवसांत मिलन गेले. त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब: ३१ विजय, ८४ पराभव.

ऑर्लोव्स्कीचं ते पाऊल यानंतरचं आहे.

(पडद्यावर: नोव्हेंबर. कारखान्यांची फाटकं, गाड्यांनी भरलेली पटांगणं.)

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात अख्खं शहर घायकुतीला आलं होतं. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे प्रमुख सरकारकडे कर्जाची मदत मागायला वॉशिंग्टनला गेले होते. डेट्रॉईटच्या उपनगरांत मोटार उद्योगावर पोट असलेली मराठी कुटुंबंही बरीच आहेत. नोकरी राहणार की जाणार, हा घोर त्यांच्याही घरात होता. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या दिवशीचा लायन्सचा सामना म्हणजे १९३४ पासूनची परंपरा. सगळी अमेरिका जेवणाच्या टेबलावरून तो बघते. त्या वर्षी टेनेसीने त्यांना ४७-१० असं चिरडलं. ज्या शहराला त्या दिवशी थोडासा विसावा हवा होता, त्याला देशभरासमोर मान खाली घालावी लागली.

प्रतिस्पर्ध्यांनी मोसमभरात लायन्सविरुद्ध ५१७ गुण केले. सामन्यामागे ३२. प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच हिसकावून घेणं लायन्सच्या बचावाला १६ सामन्यांत जमलं फक्त ४ वेळा.

या बचावाचे प्रशिक्षक होते जो बॅरी, मुख्य प्रशिक्षक रॉड मरिनेली यांचे जावई. पंधराव्या पराभवानंतरच्या पत्रकार परिषदेत एकाने मरिनेलींना विचारलं, मुलीने याच्यापेक्षा बरा बचाव-प्रशिक्षक नवरा म्हणून निवडला असता तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटतं का? त्या मोसमातल्या कुठल्याही धावफलकापेक्षा मला या प्रश्नाची लाज अधिक वाटते. माणूस हरतोय, म्हणून त्याच्या लेकीपर्यंत जायचं?

आणखी एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. किकर जेसन हॅन्सन, वय ३८. १९९२ पासून याच संघात. त्या वर्षी ५० यार्डांच्या पलीकडून त्याने आठ किक मारल्या आणि आठही खांबांच्या मधून गेल्या. संघाची ही दशा असताना दर रविवारी तो तितक्याच एकाग्रतेने पाय टाकत होता.

(पडद्यावर: २८ डिसेंबर. ग्रीन बे, कडाक्याची थंडी.)

शेवटचा सामना. या मैदानावर लायन्स १९९१ नंतर जिंकलेच नव्हते. तरीही चौथ्या क्वार्टरमध्ये ते अगदी जवळ येऊन ठेपले होते. मग ॲरन रॉजर्सने डोनाल्ड ड्रायव्हरकडे ७१ यार्डांचा टचडाउन पास फेकला, आणि सगळं संपलं. ३१-२१. दुसऱ्या दिवशी मरिनेलींना निरोप देण्यात आला.

तळाला गेल्यामुळे पुढच्या ड्राफ्टची पहिली निवड लायन्सची होती. त्यांनी घेतलं क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला. २७ सप्टेंबर २००९ रोजी वॉशिंग्टनला १९-१४ असं हरवलं, तेव्हा सलग १९ पराभवांची साखळी तुटली. प्रेक्षक जागचे हलेनात. आत गेलेले खेळाडू त्यांच्यासाठी परत मैदानावर आले.

ऑर्लोव्स्की तोवर डेट्रॉईट सोडून गेला होता. लायन्सकडून त्याने सात सामने सुरू केले, सातही गमावले.

(पडद्यावर: इंडियानापोलिस, १८ डिसेंबर २०११.)

तीन वर्षांनी इंडियानापोलिस कोल्ट्सने १३ पैकी १३ सामने गमावले होते. शून्य-सोळाची चर्चा पुन्हा सुरू झाली होती. चौदाव्या सामन्यात समोर टेनेसी, आणि कोल्ट्सचा क्वार्टरबॅक होता डॅन ऑर्लोव्स्की.

कोल्ट्स २७, टेनेसी १३. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांतला त्याचा हा पहिला विजय.