पस्तिशीच्या आत नर्सिंगला परतताना

नमस्कार श्रोतेहो. बारावीला इंग्रजीत गाडी अडली, नाहीतर कॉलेज अर्ध्यावर सुटलं. मग लग्न झालं, मुलं झाली. आता धाकटं शाळेत जायला लागलंय आणि नर्सिंगचा विचार पुन्हा मनात येतोय. अशा बहिणींसाठी आज थोडं हिशेबाचं बोलू या.

कॉलेजचा फॉर्म आणण्याआधी दोन आकडे लिहून काढा: आपलं वय आणि बारावीच्या इंग्रजीचे गुण. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या पदविकेला, कमाल वय ३५. शाखा कला असली तरी चालते, पण बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात. बरेच अर्ज इथेच अडकतात. बोर्डात ३५ गुणांना पास होता येतं, त्यामुळे ‘मी तर बारावी पास आहे’ म्हणून निघालेल्या बाईला काउंटरवर कळतं की इंग्रजीतले ३६ पुरत नाहीत.

बारावीच राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं, किंवा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे. तिथे नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकदा सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. घर सांभाळून वर्षाला दोन-तीन विषय काढणाऱ्यांना हे सोयीचं. एकच खबरदारी घ्या. तिथे विषय आपण निवडायचे असतात आणि इंग्रजी न घेताही बारावी होता येतं. तसं प्रमाणपत्र नर्सिंगच्या दारात कामाला येत नाही.

वय ३३-३४ असेल आणि इंग्रजीची टक्केवारी कमी पडत असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी दोन वर्षांचं एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचा कोर्स, करा. त्यालाही ३५ची मर्यादा आहेच, पण एएनएम होऊन राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाली की पुढे जीएनएमला वयाची अट राहत नाही. शिवाय मधल्या काळात उपकेंद्रावर किंवा दवाखान्यात नोकरी करता येते. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची पदवी, आहे. वाट लांबची खरी, पण प्रत्येक टप्प्यावर हातात कमाईचा कागद असतो.

‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ या जाहिरातींपासून मात्र लांब राहा. पेशंट केअर, नर्सिंग असिस्टंट अशा नावांच्या कोर्सवर कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे नर्स नाही. कॉलेजचं नाव चालू वर्षाच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः पाहा. भिंतीवर लावलेलं जुनं पत्र पुरावा धरू नका.

आता कागदपत्रं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, इथेच लटकतो. विवाह नोंदणीचा दाखला माहेरचं आणि सासरचं नाव जोडतो; तो नसेल तर आधी तो काढा. प्रवेश दहावीच्या नावावरच घ्या, कारण पुढे कौन्सिलच्या नोंदणीपर्यंत तेच नाव चालतं. जातीचा दाखला वडिलांकडच्या पुराव्यांवर निघतो, सासरच्या नव्हे. म्हणून माहेरची कागदपत्रं उन्हाळ्यातच गोळा करा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरण्याआधी शिष्यवृत्तीवर पाणी सोडावं लागतं का, ते विचारा.

प्रवेशाच्या दिवशी आणखी चार प्रश्न विचारायला लाजू नका. हॉस्टेल सक्तीचं आहे का? नाईट ड्युटी कोणत्या वर्षापासून? पोस्टिंगचं हॉस्पिटल किती लांब? सकाळची गाडी किती वाजता सुटते? यांचं उत्तर फीपेक्षा महत्त्वाचं, कारण पोरंबाळं असलेली विद्यार्थिनी बुद्धीमुळे क्वचित मागे पडते. ती मागे पडते हजेरीत. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी हवी, मग गैरहजेरीचं कारण काहीही असो. प्रात्यक्षिकाचे तास तर अखेरीस शंभर टक्के भरावे लागतात. बुडालेली वॉर्ड ड्युटी नंतर भरून काढायची, म्हणजे बॅच बाहेर पडली तरी आपलं प्रमाणपत्र मागे. अंगणवाडी काही तासांची असते, ड्युटी त्याहून मोठी. म्हणून मुलाला ताप आला की कोण थांबणार, अशी दोन माणसं आधीच ठरवून ठेवा. एक आजारी सासूबाई म्हणजे व्यवस्था नव्हे. आणि महिन्याचा ड्युटी रोटा लागला की त्याच दिवशी तो घरच्यांच्या हाती द्या.

अभ्यासात पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र आणि गणित घाबरवतं. उत्तीर्ण व्हायला इथे ५० टक्के लागतात, लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळे. गणित मात्र शाळेतलंच आहे. समजा, ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय आणि सेटच्या, म्हणजे सलाइनच्या नळीच्या, पाकिटावर लिहिलंय, २० थेंबांचा १ मिली. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. चार तासांची २४० मिनिटं. भागाकार ४१.६७, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. चूक दोन जागी होते: तासांची मिनिटं करायची राहतात, नाहीतर पाकीट न बघता आकडा गृहीत धरला जातो. तेच सलाइन मिलीला ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर मिनिटाला १२५ थेंबांनी जावं लागतं. पाकीट फेकण्याआधी आकडा वाचायची सवय लावून घ्या. घरी रोज अशी पाच उदाहरणं मुलांच्या गृहपाठाशेजारी बसून सोडवली तरी पुरे.

हिपॅटायटिस बीची लस प्रवेशाआधीच सुरू करा. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात सुई टोचण्याचा धोका पहिल्या पोस्टिंगपासूनच असतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, बऱ्याच सुया तेव्हाच बोटात जातात.

शेवटी नोकरीच्या वयाचा हिशेब. राज्य शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गाला ४३ वर्षांची मर्यादा आहे. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे तिथल्या नर्सिंग भरतीच्या परीक्षेला, तर ३०, राखीव प्रवर्गाला थोडी सूट. चौतिसाव्या वर्षी जीएनएमला बसलेली खुल्या प्रवर्गातली बाई सदतिसाव्या वर्षी बाहेर पडते. नोंदणी होईपर्यंत जेमतेम एखाद्या जाहिरातीपुरता वेळ उरतो. तेव्हा निकाल लागताच कौन्सिलच्या नोंदणीचा अर्ज टाका, आणि खासगी रुग्णालयांची दारं त्याच आठवड्यात ठोठावायला लागा.