पोटाला भोक पडलेला माणूस

6 जून 1822. अमेरिकेतलं मॅकिनॉ बेट. प्राण्यांच्या फरचा धंदा करणाऱ्या कंपनीच्या दुकानात गर्दी होती, कोणाच्या तरी बंदुकीतनं चुकून बार उडाला आणि अगदी जवळ उभ्या असलेल्या अलेक्सी सँ मार्तँ या तरुण कॅनेडियन कामगाराच्या डाव्या बरगड्यांखाली घुसला. सकाळी खाल्लेला नाश्ता जखमेतनं बाहेर येत होता म्हणे. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटना वाटलं, हा काही वाचत नाही.

पण गडी वाचला! फक्त ते भोक काही बुजलं नाही, जठराची कड आणि कातडीची कड एकमेकांना जुळून आली, पुढे आतनं एक पडदा तयार झाला आणि बोटाने तो ढकलला की थेट जठर दिसायचं.

आता डॉक्टरांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. जठरात अन्नाचं नेमकं होतं काय, ते दळलं जातं, की कुजतं, की उबेने शिजतं, यावर तेव्हा नुसते वाद चालायचे. मग 1 ऑगस्ट 1825ला दुपारी 12 वाजता बोमाँटनी रेशमी दोऱ्याला बीफचे आणि पोर्कचे तुकडे, शिळा पाव, कच्चा कोबी असं सगळं बांधलं आणि भोकातनं आत सोडलं. तासाभराने दोरा ओढला तर पाव आणि कोबी साधारण निम्मे पचलेले, मांस जवळपास तसंच. दोन तासांनी पाहिलं तर उकडलेलं बीफसुद्धा दोऱ्यावरनं साफ!

नंतर त्यांनी जठरातला रस बाटलीत काढला, त्यात मांस टाकून अंगाइतकी ऊब दिली, आणि ते बाहेरही विरघळलं, वेळ जास्त लागला एवढंच. म्हणजे हे काम रसायनाचं. त्या रसात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि मांसातलं प्रोटीन तोडणारं पेप्सिन, जे 1836मध्ये सापडलं. एवढं कडक अ‍ॅसिड असून जठर स्वतःलाच कसं पचवत नाही? कारण आतनं चिकट थर असतो आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी बदलत राहतात.

पण खरं सांगू का, जठराला जरा जास्तच भाव मिळतो, कारण बोमाँटना भोकातनं तेवढंच दिसत होतं. पचनाचा मोठा भाग पुढे लहान आतड्यात होतो, तिथे स्वादुपिंडाचा रस आणि यकृताचं पित्त येऊन मिळतं, पित्त तेला-तुपाचे बारीक थेंब करतं, आणि मग आतड्याच्या आतल्या लवीसारख्या बारीक उंचवट्यांमधनं साखर, अमिनो अ‍ॅसिडं (म्हणजे प्रोटीन तुटून झालेले छोटे तुकडे) रक्तात शिरतात. हे सगळे उंचवटे सपाट पसरले तर साधारण 30 चौरस मीटर होतात, म्हणजे मुंबईतला एखादा छोटा वन आरके! उरलेलं पाणी बरंचसं मोठं आतडं शोषून घेतं.

आणि सँ मार्तँ? त्याला 1832च्या करारात वर्षाचे 150 डॉलर आणि राहणं-खाणं मिळालं, वर घरची लाकडं फोडायचं कामही त्याच्याच गळ्यात. वैतागला तर नवल काय. 1833मध्ये बोमाँटचं पुस्तक आलं, नाव झालं, मग सँ मार्तँ घरी गेला तो डॉक्टरांनी कितीही बोलावलं तरी परत आला नाही. डॉक्टर 1853मध्ये गेले, हा मात्र 1880पर्यंत जगला. तेव्हाही त्याचं जठर मागणारे डॉक्टर होतेच, म्हणून घरच्यांनी मृतदेह मुद्दाम सडू दिला आणि मगच खोल खड्डा खणून पुरला.