भरतीच्या वेळापत्रकावर

[दृश्य: ऐरोलीचा धक्का. चिखल, तिवरांची रांग, लांबवर पुलावरची वाहतूक.]

ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बोट किती वाजता सुटते? ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात या प्रश्नाचं उत्तर दिवसागणिक बदलतं. आज सकाळी, तर पुढच्या आठवड्यात भर दुपारी. रविवार आहे, मुलांना सुट्टी आहे, फोटोला कोवळं ऊन हवंय, यातलं काहीही इथे चालत नाही. खाडीत पाणी असेल तर बोट निघणार, आणि पाणी कधी चढणार हे चंद्राच्या हातात.

कोळीवाड्यात याचं गणित तोंडपाठ असतं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. हे झालं मुंबईच्या किनाऱ्याचं. खाडीतून वर ऐरोलीपर्यंत यायला पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो. आता मिनिटासकट भरतीची कोष्टकं मोबाइलवर मिळतात, पण पाऊणपटीचा हिशेब अजून फारसा चुकत नाही.

[दृश्य: बोट तिवरांच्या कडेने पुढे सरकते.]

बोटीला पाणी लागतं, हे सरळ आहे. गंमत अशी, की फ्लेमिंगोंना पाणी नको असतं. म्हणजे हवं असतं, पण घोट्याएवढं, फार तर गुडघ्याएवढं. ओहोटी लागली की खाडीच्या दोन्ही काठांना चिखलाची मैदानं उघडी पडतात, आणि तेच यांचं ताट. पूर्ण ओहोटीत पक्षी सगळीकडे, पण बोट चिखलात रुतणार. पूर्ण भरतीत बोट मजेत फिरेल, पण पक्षी उडून गेलेले. या दोन्हींच्या मधली जी वेळ आहे, पाणी चढतंय पण चिखल अजून बुडालेला नाही, तेवढीच आपली. मार्गदर्शकाची निम्मी विद्या ही वेळ पकडण्यात आहे. उरलेली निम्मी इंजिन कधी बंद करायचं, यात.

हा सगळा पट्टा म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग तिवरांचं जंगल आणि बाकीचं पाणी. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई, डोक्यावर विजेच्या तारा, आणि मध्ये हे. परदेशातून आलेल्या पक्षीनिरीक्षकांना या चौकटीचं नवल वाटतं. आपल्याला लोकलमधून वाशीचा पूल ओलांडताना मान वर करायलाही सुचत नाही.

[दृश्य: इंजिन बंद. फ्लेमिंगोंचा थवा, जवळून.]

आता जरा थांबून बघू. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, आणि यात दोन जाती आहेत. उंच, फिकट पांढरा, गुलाबी चोचीचं टोक तेवढं काळं, तो मोठा रोहित. बुटका, रंगाने गडद, चोच लांबून जवळजवळ काळपट दिसते, तो छोटा रोहित. खाडीत संख्येने जास्त असतो तो हा छोटा.

एकच पक्षी निवडा आणि त्याच्यावरून नजर हलवू नका. मान खाली, डोकं चक्क उलटं. चोचीचा वरचा भाग खाली आणि खालचा वर. चोचीच्या आतल्या कडांना बारीक पडद्यांची चाळण असते. जाडजूड जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते, बाहेर ढकलते, आणि चाळणीत उरतं ते पोटात जातं. छोट्या रोहितची चाळण फार बारीक. तो नीलहरित शेवाळ आणि तत्सम सूक्ष्म वनस्पती खातो. मोठ्याची चाळण जाड, त्यामुळे तो बारीक कोळंबीसारखे जीव, किडे, अळ्या टिपतो. एकाच चिखलात दोघं शेजारी जेवतात आणि एकमेकांच्या वाटणीला फारसा हात लावत नाहीत. पाय बघा, जागच्या जागी थयथय चालू असते. चिखल ढवळायचा, वर येईल ते गाळून घ्यायचं. गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो, शेवाळातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून. म्हणून पिल्लू करडं असतं आणि रंग भरायला वर्षं जातात. थव्यात मळकट, राखाडी पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, वयाने लहान आहेत.

हे सगळे येतात मुख्यतः गुजरातेतून. कच्छच्या रणात चिखलाच्या उंचवट्यांवर त्यांची वीण होते. एका जोडीचं एकच अंडं. ठाणे खाडीत सॅटेलाइट टॅग लावलेले पक्षी गुजरातला पोचलेले अभ्यासकांनी पाहिले आहेत. दिवाळीच्या पुढेमागे यायला लागतात, जानेवारीनंतर गर्दी होते, आणि पावसाच्या तोंडावर परततात. कोवळे काही मागेच रेंगाळतात. गणतीत आकडा लाखाच्या वर गेलेला आहे.

इतके पक्षी इथेच का? याचं एक उत्तर जरा अडचणीचं आहे. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसलं जातं आणि शेवाळावर छोटा रोहित. नव्वदच्या दशकात शिवडीच्या चिखलात थवे दिसायला लागले, त्यामागे हे एक कारण असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे गुलाबी थवा बघून खाडी निर्मळ आहे असा निष्कर्ष काढू नये. चांगला मार्गदर्शक हे बोटीवर सांगतो. लोकांना ते फारसं आवडत नाही, पण सांगतो.

[दृश्य: तिवरांची मुळं, चिखलातली निवटी.]

सगळ्यांच्या दुर्बिणी लांबच्या गुलाबी रेघेवर असतात तेव्हा काठाकडे कुणाचं लक्ष नसतं. तिथे चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली दिसतील. तिवरांची श्वसनमुळं. त्यांच्यामध्ये बोटभर लांबीचा, वटारल्या डोळ्यांचा मासा पुढच्या परांवर रेटा देत चालतोय. ही निवटी. मासा असून पाण्याबाहेर मजेत राहते. कातडी ओली असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेते, आणि कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून ठेवते. डोळे कोरडे पडले की खोबणीत ओढून घेते, ओले करून पुन्हा बाहेर. नर पाठीचा पर उभारून उडी मारतो, शेजाऱ्याला दम द्यायला. खाडीकाठच्या घरांतून हिचं कालवण होतं, हेही मार्गदर्शकाकडूनच कळतं. बोटीवर कुणीतरी लगेच 'कसं लागतं' विचारतं, आणि फ्लेमिंगो पाच मिनिटं विसरले जातात.

याशिवाय उचाट्या आहे. काळा-पांढरा, वर वळलेल्या चोचीचा, पाण्यात डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यागत चोच फिरवत जाणारा. पाणटिवळे, कुरव, सुरय, खंड्या, ब्राह्मणी घार. नावं भराभर येतात आणि पहिल्या फेरीत लक्षात राहत नाहीत. राहू नयेतच. दोन-तीन पक्षी नीट ओळखता आले तरी फेरी वसूल.

[दृश्य: पाणी चढतंय. थवा एकदम उठतो.]

आता पाणी चढलं. चिखल बुडाला. थवे उठले आणि निघाले. कुठे? बोटीवर हा प्रश्न क्वचितच विचारला जातो आणि खरं तर तोच महत्त्वाचा. भरतीचे काही तास या पक्ष्यांना उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. नवी मुंबईत सीवूड्सची तळी, खाडीपलीकडे भांडुपच्या उदंचन केंद्राजवळच्या (पंपिंग स्टेशनजवळच्या) पाणथळ जागा, उरणकडचं पाणजे. नकाशावर या जागा मोकळ्या दिसतात, म्हणून त्यांच्यावर भराव टाकायचा मोह होतो. किंवा भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजते, आणि तळं आटतं किंवा शेवाळाने भरतं. अभयारण्याची हद्द खाडीत संपते, पक्ष्यांचा दिवस मात्र तिथे संपत नाही. ताट राखलं आणि बसायची जागा काढून घेतली, असा हा प्रकार. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ रात्री उडणारा थवा उतरणाऱ्या विमानाला धडकला आणि सुमारे चाळीस फ्लेमिंगो मेले. ते त्या रात्री तिथून का उडाले यावर बरीच चर्चा झाली. पण खाडी आणि तळी यांच्यामधली ये-जा रोजची आहे, आणि ती शहराच्या डोक्यावरूनच होते.

[दृश्य: मुंबईचा खडकाळ किनारा, ओहोटी.]

हेच वेळापत्रक उलटं वापरलं की दुसरी सहल तयार होते. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराला भरती, तर सकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीची बातमी आली की मुंबईकर धसका घेतो. त्याच उधाणाची दुसरी बाजू अशी, की पाणी ओसरतं तेव्हा एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. गिरगाव, हाजी अली, जुहू, मार्वे. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमातली मंडळी अशा ओहोटीला लोकांना घेऊन खडकांवर चालतात.

इथे दुर्बीण नको. रबरी तळाची चप्पल हवी आणि वाकायची तयारी. पहिली दहा मिनिटं काळा खडक आणि प्लॅस्टिक याखेरीज काही दिसत नाही. मग मार्गदर्शक एका डबक्याशी उकिडवा बसतो. वाळूत रुपयाएवढं तपकिरी वर्तुळ, भोवती बारीक झालर. समुद्रफूल. प्राणी आहे, फूल नव्हे. सावली पडली, पाणी हललं, की झालर आत आणि वाळूत नुसतं भोक. शेजारच्या खडकावर हिरवट बटणांचा गालिचा दिसतो, त्यावर पाय द्यायचा नाही. ती झोअँथिडची वसाहत, प्रवाळांची नातेवाईक. खरी प्रवाळंही याच शहराच्या किनाऱ्यावर आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची काही प्रवाळं काढून दुसरीकडे नेऊन बसवली, तेव्हा अनेकांना ती आपल्याकडे आहेत हे पहिल्यांदा कळलं. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्या बरोबरीचं, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे.

नियम थोडे आहेत. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या पोटाला चिकटलेले जीव उन्हात मरतात. शंख उचलायचा नाही. आत कुणीतरी राहत असतं, आणि शंकूच्या आकाराच्या काही शंखांतला रहिवासी विषारी दंश करतो. आणि मार्गदर्शक 'चला' म्हणाला की निघायचं. पाणी फिरलं की ते आपल्या पाठीमागच्या सखल खडकांतून आधी भरतं.

[दृश्य: देवबागचा संगम, पर्यटकांच्या होड्या.]

दक्षिणेला, सिंधुदुर्गात, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या देवबाग-तारकर्लीच्या बाजूला, लोक डॉल्फिन बघायला जातात. पाठीवर कुबड असलेली ही जात खोल समुद्रातली नाही. किनाऱ्यालगत, खाड्यांच्या मुखाशी मासे धरते. म्हणून अर्ध्या तासाच्या होडीतही दिसते, आणि म्हणूनच होड्यांच्या कचाट्यात सापडतेही. एक पाठ दिसली की पाच होड्या त्या दिशेला, इंजिनं तापलेली, मोबाइल वर. डॉल्फिनला दर काही वेळाने श्वासाला वर यावंच लागतं. ज्या बाजूने वर यावं त्या बाजूला होडी, मग तो लांब निघून जातो आणि सगळ्यांचीच सकाळ फुकट. समजूतदार नावाडी कळपाच्या वाटेत शिरत नाही. बाजूला, लांब, इंजिन बंद करून थांबतो. बऱ्याचदा कळप आपणच जवळून जातो. कधी जात नाही.

होडी ठरवताना नावाड्याला विचारा, डॉल्फिन नक्की दाखवणार का? 'नक्की' म्हणाला तर दुसरा बघा, कारण 'नक्की' म्हणजे पाठलाग. आणि सकाळी लवकर निघा. दुपारकडे वारा उठतो, पाण्यावर पांढरे तुरे फुटतात, आणि मग होडीतली मुलं प्रत्येक लाटेकडे बोट दाखवून ओरडतात, "तो बघा, तो बघा!"