पत्त्यांचा कॅट दुर्मिळ कशामुळे होतो?

पत्ते जमवायला लागलेली नवीन मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती छापले होते? हजारच छापले म्हणजे रेअर, लाखभर छापले म्हणजे काही खरं नाही. मला हा हिशोब पटत नाही. उरले किती ते बघा, आणि उरलेल्यातले धड किती ते बघा. पत्ते ही वस्तूच मुळात खेळून खेळून संपवायची, घरात मेंढीकोटला वापरतो तो कॅट किती दिवस टिकतो, कोपरे मुडपतात, तेलकट हात लागतात, चौकटची सत्ती हरवते आणि मग तो कॅट पोरांकडे जातो बंगले करायला. सगळीकडे हेच झालं, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा अगदी साधा बाजारू कॅट जरी सील न फोडलेला मिळाला तरी लोक त्याच्यामागे धावतात.

न्यूयॉर्कला मेट म्युझियमची क्लॉइस्टर्स नावाची मध्ययुगीन कलेची शाखा आहे, तिथे एक कॅट आहे, साधारण 1475-80 चा, नेदरलँड्सच्या दक्षिण भागातला. पत्ते लांबट गोल आहेत, हाताने रंगवलेले, आणि इस्पिक-बदामच्या जागी शिकारीचं सामान आहे, म्हणजे शिंग, कुत्र्याचा पट्टा, कुत्र्यांना जोडून बांधायची दोरी आणि फास. राजा, राणी, गुलाम धरून 52 च्या 52 पानं शाबूत. त्या शतकातले असे रंगवलेले पत्ते म्हटले तर बहुतेक ठिकाणी सुटी पानंच हाती लागतात, अख्खा कॅट हा एवढाच माहीत आहे. आणि पानांची झीज इतकी कमी आहे की हा फारसा कोणी खेळलाच नसणार, म्हणून तर वाचला!

आता अगदी उलट टोकाचं उदाहरण, जेरीज नगेट. नॉर्थ लास वेगासमधला हा कॅसिनो, त्यांनी 1970 मध्ये लाल आणि निळ्या पाठीचे पत्ते छापून घेतले, छापले अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीने. टेबलावर ते कधी आलेच नाहीत, कॅसिनोच्या गिफ्ट शॉपमध्ये किरकोळ भावात विकत होते, कोणीही उचलून न्यावेत असे. पुढे जादूगार आणि हातचलाखी करणाऱ्या लोकांना त्यांचा हात आवडला, पान कसं सरकतं, पंखा कसा उघडतो, आणि तोवर साठा संपत आला होता. मग एकेका कॅटला शेकडो डॉलर पडायला लागले. 2019 मध्ये नवीन छपाई झाली, तरी जुना हवा असणाऱ्याचं समाधान नव्याने होत नाही. म्हणजे दुर्मिळ असणं एक आणि हवंसं असणं दुसरं, दोन्ही जुळलं की किंमत चढते. कोणालाच नको असलेला कॅट जगात एकटा उरला तरी कोणी विचारत नाही.

म्हणून आजकाल नंबर टाकून काढतात त्या लिमिटेड एडिशनबद्दल मी सावधच असतो. घेणारा प्रत्येक जण न उघडता कपाटात ठेवतो, मग वीस वर्षांनी सगळेच्या सगळे शिल्लक असणार की हो!

ओळख पटणं हाही मोठा भाग आहे. इस्पिकचा एक्का नीट बघा. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि कर भरल्याची खूण या एक्क्यावर असायची, म्हणून तो इतका नक्षीदार, आणि खोटा एक्का छापला म्हणून 1805 मध्ये रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला फाशी झाली. अमेरिकेत कराचं तिकीट पाकिटावर चिकटवायचे, तो कर 1965 मध्ये गेला, त्यामुळे तिकीट शाबूत असलेलं पाकीट म्हणजे त्याच्या आधीचं. बायसिकल हा त्याच युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीचा ब्रँड, त्याच्या जुन्या कॅटच्या एक्क्यावर एक अक्षर आणि आकडे असतात, त्यावरून साल काढता येतं, फक्त तीच अक्षरं काही वर्षांनी परत येतात म्हणून पाकीट आणि सील पण बघायचं. या कंपनीचा ओहायोतल्या सिनसिनाटीचा कारखाना 2009 मध्ये केंटकीला हलला, तेव्हापासून ओहायोचे जुने कॅट लोक वेगळे काढून ठेवतात.

आणि आपल्याकडची सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे आपले जुन्या पद्धतीचे पत्ते! हाताने रंगवलेली, गोल, वरून लाखेचा हात दिलेली. दशावतारी गंजिफेत 120 पानं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळाची सुरुवात रामाने आणि रात्री कृष्णाने करायची. गेल्या शतकात ही कला अगदी एखाद-दुसऱ्या चिताऱ्याच्या हातात उरली होती, सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली म्हणून आज आपल्याला नवा संच मिळतो. जुन्या संचाचं दुखणं असं की एक पान गेलं तर बाजारातून तसं दुसरं आणता येत नाही, नवीन रंगवून घेतलं तरी लाखेची छटा वेगळी दिसते आणि खेळताना पाठीवरूनच पान ओळखू येतं. त्यामुळे कोणी जुना संच दाखवला तर आधी राजांचे चेहरे बघत बसू नका, रंगवार लावा, बारा-बारा मोजा, आणि मग सगळी पानं उलटी करून पाठी उजेडात बघा.