दुरुस्तीसह निकाल कायम

(दृश्य: अपील कोर्टाच्या निकालाचं शेवटचं पान)

'दुरुस्तीसह निकाल कायम.' अमेरिकेत प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर राहण्याची मुभा, रद्द झाल्याविरुद्ध केलेली बरीच अपिलं याच शब्दांवर संपतात. माणूस तुरुंगातच राहतो, बदलतो तो कागद.

टेक्सासचंच बघा. अधिकाऱ्याकडे हजेरी, नशापाणी बंद, दंडाचे हप्ते वेळेवर, अशा अटींवर माणूस बाहेर असतो. अट मोडल्याचा अर्ज सरकारी वकिलाने केला की सुनावणी एकट्या न्यायाधीशापुढे होते, ज्यूरी नसते. आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागत नाही; पारडं सरकारकडे जरासं झुकलं तरी पुरतं. दहा आरोपांतला एक टिकला, तरी प्रोबेशन रद्द होऊ शकतं.

अपिलाची नोटीस साधारणपणे ३० दिवसांत द्यायची. वरचं कोर्ट साक्षीदार पुन्हा ऐकत नाही. खालच्या न्यायाधीशाने आपल्या अधिकाराचा गैरवापर केला का, एवढंच तपासतं. आरोपीने एखादा आरोप 'खरा' म्हटला, म्हणजे कबूल केला असेल, तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

अपवाद आहेत. १९८३ चा 'बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया' हा त्यातला मोठा. बेअर्डनला दंड आणि भरपाई मिळून ७५० डॉलर भरायचे होते. २०० भरले, मग नोकरी गेली, आणि उरलेल्या ५५० साठी प्रोबेशन रद्द. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: पैसे का भरले नाहीत, हे विचारल्याशिवाय नुसत्या थकबाकीवर तुरुंगात टाकता येणार नाही.

(दृश्य: सुनावणीचं टंकलिखित, शेजारी लेखी निकाल)

बाकीच्यांच्या वकिलांना कित्येकदा मांडण्याजोगा मुद्दाच सापडत नाही. तसं त्यांनी कळवलं, तरी १९६७ च्या 'अँडर्स' निकालामुळे कोर्टाला सगळं रेकॉर्ड स्वतः वाचावं लागतं. आणि गंमत म्हणजे चुका तिथेच हाती लागतात. माणूस सुनावणीत आरोपाला 'खोटं' म्हणालेला, निकालात छापलंय 'खरं'. कायद्याचं कलम भलतंच. आधी कोठडीत काढलेले दिवस कमी धरलेले. हे शेवटचं मला सगळ्यात गंभीर वाटतं, कारण सुटकेची तारीख तुरुंगवाले या कागदावरूनच काढतात. तोंडी सुनावलेली शिक्षा आणि लेखी निकाल जुळत नसतील, तर सहसा तोंडी शब्द धरतात.

अपील चालू असताना रेकॉर्डमध्ये पुरेशी माहिती असेल, तर वरचं कोर्टच निकाल दुरुस्त करतं. अपिलानंतर चूक दिसली, तर मूळ कोर्टाकडे 'नंक प्रो टंक' आदेश, म्हणजे जुन्या निकालाच्या नोंदीतली चूक मागाहून सुधारणारा आदेश, मागायचा. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांत फौजदारी कामकाजाच्या नियम ३६ खाली अशी चूक कधीही सुधारता येते. पण सुधारायची ती लिहिणाऱ्याची चूक. न्यायाधीशाने विचारपूर्वक दिलेली शिक्षा जास्त होती, हे या वाटेने सांगता येत नाही. न्यायाधीशालाही या निमित्ताने आपलं मत बदलून घेता येत नाही. दुरुस्ती आरोपीच्या विरुद्ध जाणारी असेल, तर आधी त्याला कळवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.