काटे, खिमा आणि नाताळचं सूप

[दृश्य: सकाळ. शेतात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या झाडांची रांग. मागे बर्फाचा डोंगर.]

हा इटलीचा आब्रुझ्झो प्रांत. मागे दिसतोय तो माय्येल्ला पर्वत. त्याचं सर्वांत उंच शिखर 2,793 मीटरचं. डावीकडे थोडं खाली उतरलं की समुद्र, एड्रियाटिक. आणि मधल्या या उतारावर डिसेंबरच्या शेवटी शेतात अशा गुंडाळ्या उभ्या दिसतात.

आत भाजी आहे. नाव कार्दोने. खिम्याच्या बारीक गोळ्या घालून इथे नाताळला हिचं सूप करतात.

[गुंडाळी सोडणारे हात. दोरी, प्लास्टिक, मग पानं.]

वरची पानं राखाडी, कडेला काटे. आणि खाली बघा, दांडे पांढरेफटक. हा पांढरेपणा आपोआप येत नाही. वसंतात बी टोकलं, उन्हाळाभर झाड माणसाच्या कमरेच्या वर गेलं. तेव्हा त्याचा दांडा तोंडात धरवत नाही इतका कडू असतो. मग थंडीच्या तोंडावर एकेका झाडाजवळ जायचं, सगळी पानं कवेत घेऊन मोट बांधायची, भोवती कागद, पेंढा नाहीतर प्लास्टिक गुंडाळायचं, बुंध्याला माती चढवायची. तीन-चार आठवडे झाडाला ऊन दिसू द्यायचं नाही. उजेड बंद झाला की हिरवा रंग जातो, कडूपणा उतरतो, दांडा कोवळा होतो. वरून थंडीचा एक कडाका बसला तर आणखी चांगला, असं इथले लोक सांगतात.

उत्तरेला पिएमोन्ते प्रांतात, नित्झा मोन्फेर्रातो गावाच्या आसपास, याचं आणखी अवघड रूप आहे. तिथे उभं झाड वाकवून मातीत पुरतात. उजेडाकडे जायच्या धडपडीत ते वाकडं होतं, पाठीला कुबड आल्यासारखं. तिथले लोक ते कच्चंच खातात, अँकोव्ही माशाच्या आणि लसणाच्या गरम तेलात बुडवून.

आर्टिचोक आणि कार्दोने ही एकाच वनस्पतीची दोन रूपं. एकाची कळी खातात, दुसऱ्याचा दांडा. आणि सोलापूर, मराठवाड्याकडच्या प्रेक्षकांना ही काटेरी पानं ओळखीची वाटली तर नवल नाही. आपली करडई याच कुळातली. करडईची भाजी आपण काटे धरायच्या आत खुडतो. इथे काटे धरू देतात, वाढू देतात, मग अंधारात ठेवून माणसाळवतात.

[कोयता. झाड आडवं होतं. आवाज तसाच राहू द्यावा.]

'इटालियन मीटबॉल सूप' म्हणून जगभर जे खपतं, त्यात बहुतेकदा पाकिटातला पालक असतो आणि बोराएवढाल्या गोळ्या. अमेरिकेत तर ते डब्यात मिळतं. डबा फोडा, गरम करा, प्या. त्याला आमची हरकत नाही. फक्त या शेताकडे बघून घ्या.

[लान्चानो गाव. संध्याकाळ. दगडी गल्ल्या, दिवे. मनोऱ्याची घंटा.]

23 डिसेंबर, संध्याकाळचे सहा. लान्चानोच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यातली ही लहान घंटा आता तासभर वाजत राहणार. हिला 'स्क्विल्ला' म्हणतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी इथला आर्चबिशप पाओलो तास्सो गावाबाहेरच्या एका छोट्या देवळापर्यंत अनवाणी चालत जायचा, आणि त्या वेळात घंटा वाजायची. घंटेचा रिवाज अजून राहिला आहे. ती वाजायला लागली की माणसं थोरामोठ्यांच्या घरी गोळा होतात. लहान मुलं आजी-आजोबांच्या हाताचं चुंबन घेतात. वर्षभराचे रुसवेफुगवे या तासात मिटवायचे, आपल्याकडे तिळगूळ देऊन मिटवतात तसे.

[स्वयंपाकघर. टेबलावर कार्दोनेचा भारा.]

घंटा थांबली की काम सुरू. या घरच्या आजी. नातवंडं त्यांना नोन्ना म्हणतात. बाहेरचे जाड दांडे त्या सरळ टाकून देतात. निम्मा भारा इथेच गेला. उरलेल्या दांड्यांच्या कडा सुरीने तासायच्या, म्हणजे काटे गेले. मग शिरा.

[जवळून: सुरीचं टोक, अंगठा, शीर ओढली जाते.]

सुरीचं टोक दांड्याच्या बेचक्यात घालायचं, अंगठ्याने शीर दाबून धरायची आणि खालपर्यंत ओढायची. एक शीर राहिली तर ती जेवताना दातात सापडते, आणि कुणाच्या दातात सापडली हे टेबलभर कळतं. आतल्या बाजूचा पांढरा पापुद्राही खरवडायचा. मग बोटाच्या पेराएवढे तुकडे, आणि तुकडा पडला की लगेच लिंबाच्या पाण्यात. नाहीतर चिरलेली कड बघता बघता काळी पडते. आजींची बोटंही बघा. हा डाग साबणाने निघत नाही. लिंबाची साल चोळली तर थोडा हटतो.

मग मिठाच्या पाण्यात लिंबू पिळून तुकडे उकडायचे. कोवळे असतील तर पाऊण तासात मऊ होतात, नाहीतर तास घेतात. पाणी फेकून द्यायचं, कडू असतं. तुकडे हाताने दाबून निथळायचे.

[अळणीचं पातेलं. मंद आच.]

दुसऱ्या शेगडीवर कोंबडीचं अळणी. जून कोंबडी, गार पाणी, कांदा, गाजर, सेलरीचा दांडा. तीन तास, फक्त कडेला बुडबुडे येतील एवढ्याच आचेवर. वरचा फेस झाऱ्याने काढत राहायचा. काही घरांत कोंबडीऐवजी टर्की असते.

[24 डिसेंबर, दुपार. टेबलाभोवती मुलं.]

आज 24 तारीख. आज रात्री या घरात मांस शिजलं तरी ताटात येणार नाही. नाताळच्या आदल्या रात्री फक्त मासे, हा इथला रिवाज. त्यामुळे दुपारभर खिम्याच्या गोळ्या वळायच्या आणि उद्यापर्यंत नुसतं बघत बसायचं.

वासराच्या मांसाचा बारीक खिमा, पाव किलोच्या थोडा वर. त्यात एक अंडं, मूठभर किसलेलं पार्मिज्यानो चीज, मीठ, आणि किसणीवर दोन-तीनदा फिरवलेलं जायफळ. बस. या घरात पाव घालत नाहीत, कांदा नाही, लसूण नाही. शेजारच्या घरात पाव घालतात, आणि तो विषय इथे काढू नये.

[जवळून: दोन लहान तळवे, मध्ये गोळी.]

या गोळ्यांना म्हणतात पल्लोत्तीने. नखावर दोन मावतील एवढी एकेक. तळहाताला थेंबभर पाणी लावायचं, चिमूटभर खिमा घ्यायचा, दोनदा फिरवायचा, ताटात ठेवायचा. मोठ्या माणसाच्या हातून ती हळूहळू मोठी होत जाते. हाताला कंटाळा येतो तसा गोळीचा आकार वाढतो. म्हणून हे काम मुलांकडे. आजी येता-जाता ताटातली एखादी उचलतात, मोडतात आणि तिच्या दोन करून ठेवतात.

"लहान कर."

"नोन्ना, ही लहानच आहे!"

"अजून लहान."

यात नुसती हौस नाही. गोळी एवढी असली की उकळत्या अळणीत दोन-तीन मिनिटांत आतपर्यंत शिजते, मऊ राहते, आणि चमच्यात भाजीचा तुकडा, गोळी, अंड्याचा धागा असं सगळं एकदम येतं. गोळी मोठी केली की चमच्यात ती एकटीच येते. मग ते गोळ्यांचं सूप होतं. आजींच्या हिशेबी हे भाजीचं सूप आहे.

[खिडकीतून दरी. सांग्रो नदी. मग दगडी स्मारक, कोरलेली नावं.]

त्या दरीतून सांग्रो नदी वाहते. दुसऱ्या महायुद्धात, 1943 च्या नोव्हेंबरात, जर्मनांची फळी याच नदीवर होती. आठव्या भारतीय डिव्हिजनमधून पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण या भागात लढली. तोरिनो दी सांग्रोच्या युद्धदफनभूमीत, जे भारतीय सैनिक दफन न होता दहन झाले, त्यांचं वेगळं स्मारक आहे. पाचशेहून जास्त नावं आहेत.

[पंचवीस डिसेंबर. स्वयंपाकघरात वाफ. घड्याळ: बारा वाजून गेलेत.]

आता सगळं एकत्र. गाळलेलं अळणी उकळीला आलंय. त्यात उकडलेलं कार्दोने. दहा मिनिटं दोघांची ओळख होऊ द्यायची. मग ताट तिरकं करून गोळ्या, सगळ्या एकदम नाहीत, चार-पाच वेळा करून, म्हणजे उकळी बसत नाही. बुडतात. आणि हे बघा, एकेक वर यायला लागली.

अंडी चार, चांगली फेटलेली, त्यात पुन्हा चीज. बारीक धार धरायची आणि लगेच ढवळायचं नाही. नवख्यांचा हात इथे घाई करतो. तीस मोजायचे, धारेला बसू द्यायचं, मग जेवणाच्या काट्याने हलकेच ओढायचं. नाहीतर धागे सुटत नाहीत, नुसतं गढूळ पाणी होतं.

[धागे. वाफ. काही बोलू नये. आठ सेकंद.]

डोंगर ओलांडून पलीकडे गेलं, कांपानिया प्रांतातल्या बेनेव्हेन्तोला, तर तिथेही नाताळला हेच सूप असतं. वर पाइनच्या बिया घालतात. मूळ कुणाचं, यावर दोन्ही गावं भांडायला तयार आहेत. आम्ही त्यात पडलो नाही.

कार्दोने लावणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत. बांधायचं, गुंडाळायचं, सोडायचं, सगळं हाताचं काम, आणि तरुण मंडळी शहरात.

तुमच्या शहरात कार्दोने मिळणार नाही. सेलरीचे जाड दांडे शिरा काढून घातले तर पोत जवळ येतो, कडूपणा येत नाही. थोडा कडवटपणा हवा असेल तर एन्डाइव्हची पानं बघा, युरोप-अमेरिकेतल्या मराठी घरांना ती सहज मिळतात. गोळ्या मात्र कुठेही वळता येतात. चिकनच्या खिम्याच्याही चालतील. जायफळ विसरू नका. आणि लहान करा.

[जेवणाचं लांब टेबल. खोल बशा भरल्या जातायत. मुलं आपापली गोळी शोधतायत.]

पहिली बशी सगळ्यांत थोरल्या माणसाला. वर चीज हवं तर आहे. मुलांचं वेगळंच चाललंय: माझी कुठली, तुझी कुठली. आजी अजून उभ्याच आहेत, कारण ओव्हनमध्ये लझान्या आहे. त्याच्यामागे कोकराचं मांस, मग फळं, सुका मेवा, गोडाचं. सूप संपवून कुणी पोट भरलं म्हणालं, तर त्याच्या बशीत आणखी एक पळी पडते. चार वाजेपर्यंत या टेबलावरून कुणी उठत नाही.